ब्रँडेड गेमिंग पीसी घेताय? घ्याच, बाकीचं हळूहळू होतंच

असेंबल करून घेणारी माणसं घाईची असतात. आठवडाभर डोकं लावून पार्ट ठरवतात, एकदाच पैसे मोजतात आणि मग चार-पाच वर्षं पीसी नुसता चालतो, यांना करायला काही उरतच नाही. आपल्याला असलं रुक्ष आयुष्य नको. आपण कंपनीचा तयार गेमिंग पीसी घ्यायचा, पुढे लाल लाइट, साइडला वाघनखांचे ओरखडे असलेली डिझाइन, आणि घरी सांगताना "वॉरंटी आहे, कटकट नाही" हे एकच वाक्य. कटकट आपण नंतर सुटी विकत घेणार आहोत, एकेक करून.

समजा तुमचा पीसी २०२१ चा आहे, आय फाइव्ह १०४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड. त्या वर्षी सुटं ग्राफिक कार्ड मिळायची मारामार होती, क्रिप्टो नाणी काढणारे मायनिंगवाले ढिगाने उचलत होते आणि दुकानदार मनाला येईल तो भाव सांगत होते, त्यामुळे कार्डासाठी अख्खा पीसी घेणं तेव्हा खरंच परवडायचं. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये. नालेसाठी घोडा घेतला आणि तो स्वस्तात पडला असं वर्ष परत येणार नाही. प्रश्न घोड्याचा नाहीच, आपण नंतर त्याचे पाय बदलायला बसतो त्याचा आहे.

सुरुवात रॅमपासून करा. रॅम ही लहान गोष्ट वाटते, "फक्त एक रॅम टाकतोय" म्हटल्यावर घरात कुणी आडवं येत नाही, आणि कंपनीने ८ जीबीची एकच पट्टी दिलेली असते त्यामुळे तुमची बाजू खरीही असते. तशीच दुसरी पट्टी टाकली की ड्युअल चॅनेल होतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम कामाला लागतात, आणि बऱ्याच गेममध्ये अडखळणं कमी होतं. पण तुम्ही तिथे थांबायचं नाही. तुम्ही ३६०० मेगाहर्ट्झची, वरून इंद्रधनुष्य सोडणारी जोडी घ्यायची. तुमच्या मदरबोर्डावर एच ४१० किंवा बी ४६० चिपसेट असतो, त्यावर आय फाइव्ह १०४०० लावला की रॅम २६६६ च्या वर जात नाही हे आधी वाचून स्वतःचा मूड घालवू नका. रॅम लागते, चालते, २६६६ वर चालते, आणि तिचे लाइट बंद पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये रात्रभर कुणाला न दिसता चमकत राहतात.

आता खरी मजा, ग्राफिक कार्ड. १६५० ला वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर ते गपगुमान चालतं, आणि कंपनीने बाकी सगळं त्याच हिशोबाने बसवलेलं असतं. ते विसरा आणि आरटीएक्स ३०६० कार्ड घ्या. १७० वॅट. सेकंडहँड घ्या, १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग बंद पडल्यापासून बाजारात "गेमिंगसाठीच वापरलंय, लाइट यूज" म्हणणारी कार्डं कमी नाहीत, आणि विकणाऱ्याकडे एकसारखी सहा कार्डं का आहेत असे खोचक प्रश्न विचारू नका, बिचारा सहा भावांचा मोठा परिवार असेल.

कार्ड घरी आणा, साइडचं पॅनेल काढा, कार्ड स्लॉटमध्ये दाबा, टक् असा आवाज आला की समाधानाने मागे सरका. मग कार्डाच्या डोक्यावरचं आठ पिनांचं भोक बघा, आणि त्यात घालायची वायर कॅबिनेटमध्ये शोधा. नाहीये. मोबाइलची बॅटरी लावून एसएमपीएसवरचं, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा, तिथे बारीक अक्षरात २६० किंवा ३०० वॅट लिहिलेलं असेल आणि त्यातून निघणाऱ्या वायरी मोजून जिथे पोचायला हव्यात तिथेच पोचतात, बोटभरही जास्त नाही. कार्डाच्या खोक्यावर कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. पण ऑनलाइन एक सुंदर कन्व्हर्टर मिळतो, शंभर-दोनशे रुपयांत, हार्डडिस्कच्या साटा वायरीतून आठ पिना काढून देणारा. साटाच्या कनेक्टरवर १२ व्होल्टला ५४ वॅटची सोय असते, आठ पिनांवरून कार्ड १५० पर्यंत ओढू शकतं, त्यामुळे मधला फरक वायर स्वतःच्या अंगावर घेते आणि थोड्या वेळाने खोलीत प्लास्टिकचा वास यायला लागतो. (ही एक गोष्ट मात्र चेष्टेतही करू नका, वायर खरंच वितळते.)

तर मग एसएमपीएस बदलू. साधी गोष्ट. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्सचं माप ठरवून दिलंय, त्या मापाचा कुठलाही एसएमपीएस त्या मापाच्या कॅबिनेटला चार स्क्रूंनी बसतो, आणि आता मदरबोर्डला २४ पिनांचा ठरलेला प्लग. फक्त बऱ्याच कंपन्यांना हे माप आवडत नाही. तुमच्या बोर्डावर २४ पिना नसून भलत्याच आकाराचं सहा किंवा दहा पिनांचं काहीतरी असतं, आणि जुना एसएमपीएस लांबट असल्यामुळे नवा त्या खाचेत जात नाही. घाबरू नका. २४ पिनांना तिथे जोडणारा अजून एक कन्व्हर्टर मिळतो, आणि एसएमपीएस बाहेर टेबलावर ठेवायचा, वायरी उघड्या साइडने आत. कॅबिनेट आता कायमचं उघडंच राहणार असल्यामुळे रॅमचे लाइट शेवटी दिसायला लागतात. आई विचारेल, "अरे ते आतड्यासारखं काय बाहेर काढून ठेवलंयस?" सांगायचं, एअरफ्लो.

एवढं केल्यावर तुम्हाला यूट्यूबवर बॉटलनेक हा शब्द भेटेल आणि तुमची झोप जाईल. प्रोसेसर कार्डाला मागे खेचतोय! तर प्रोसेसर बदला. तुमचं एलजीए १२०० सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, मे २०२० मध्ये बाजारात आलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरची बारावी जनरेशन नवं १७०० सॉकेट घेऊन आली, म्हणजे दीड वर्षात तुमचा बोर्ड दहावी-अकरावीत नापास झाला. नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड. नवा बोर्ड जुन्या कॅबिनेटमध्ये टाकायला जाल तर स्क्रूची भोकं जुळत नाहीत, मागची पोर्टची पट्टी कॅबिनेटला ठोकलेली, आणि पुढच्या पॉवर बटनाचा प्लग कंपनीने स्वतःच्या डोक्याने बनवलेला. त्यामुळे काही दिवस पीसी स्क्रूड्रायव्हरने चालू करायचा, बोर्डावरच्या दोन पिनांना टोक टेकवलं की पंखे फिरतात, पाहुण्यांसमोर हे फार भारी दिसतं. कंटाळा आला की ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर जा (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, टॅक्सीत ते नाव सांगून बघा एकदा), काचेचं कॅबिनेट उचला. दुकानदार तुमचं सगळं ऐकून घेईल, मान हलवेल आणि म्हणेल, "सर, पहले ही असेंबल कर लेते." त्याच्याकडे दुर्लक्ष करा, त्याला प्रवासातलं सुख काय कळणार.

बोर्ड बदलल्यामुळे कंपनीने दिलेलं विंडोजचं लायसन्सही गेलं, ते जुन्या बोर्डाला चिकटलेलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" येत राहील, डोळ्याला सवय होते.

यूपीएसचं राहिलंच. तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यावर मॉनिटर आणि राउटरही आहेत, मग ऐन मॅचमध्ये लाइट गेली की तो एकदाच किंचाळतो आणि सगळं घेऊन बसतो. मोठा घ्या. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलात तर एचडीएमआय केबल सवयीने मदरबोर्डच्या पोर्टात लावा, म्हणजे तुमचं ३०६० आराम करेल आणि प्रोसेसरमधलं फुकटचं ग्राफिक्स सगळा भार वाहील, आणि कधी चुकून कार्डाला लावलीत तरी विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन ६० चं १४४ करायचं नाही. फरक दिसतोच असं मित्रांना सांगा.

हिशोबाचा एकच नियम, सगळी बिलं एका जागी ठेवायची नाहीत. अर्धी खरेदी "बिल हवं तर १८ टक्के एक्स्ट्रा" या चालीवर कच्च्या चिठ्ठीवर करा, अर्धी ईएमआयवर, कन्व्हर्टर बायकोच्या किंवा बहिणीच्या अकाउंटवरून मागवा. एक्सेलला हात लावायचा नाही. कुणी विचारलंच तर "जुने पार्ट विकले की निघतील पैसे" हे तयार ठेवा.

आणि ते विकायला काढाच. पलंगाखाली आता मूळ कॅबिनेट आहे, त्यात मूळ बोर्ड, मूळ एसएमपीएस, १६५०, ८ जीबीची पट्टी, पुढचा लाल लाइट, स्क्रूवरचं फाटलेलं वॉरंटीचं स्टिकर. नीट बघा, तुमच्या लक्षात येईल की हा तोच पीसी आहे जो तुम्ही घेतला होता, पूर्ण, चालू स्थितीत, आणि त्याच्यावर वॅलोरंट गेम आधीही मस्त चालायचं. फोटो काढताना वाघनखांची बाजू समोर घ्या, खाली लिहा: गेमिंग पीसी, सिंगल हँड यूज, अपग्रेडला भरपूर स्कोप, भाव फिक्स.