बीस्टी बॉइज आधी पंकच
मालवण-रत्नागिरीच्या बेंजो पार्ट्यांच्या ग्रुपवर फिरतंय : ‘बीस्टी बॉइज मूळचे रॅपर, गिटार १९९२ ला हाती घेतली.’ साफ उलटं. हा अमेरिकन बँड १९८१ मध्ये न्यूयॉर्कला जमला तो हार्डकोर पंक, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक, वाजवायला. ड्रमवर केट शेलनबाख. १९८३ चं ‘कुकी पुस’ हे गाणं म्हणजे आइस्क्रीमवाल्यांना केलेला खोडसाळ फोन आणि खाली ठेका. रॅपकडे वळण तिथलं. १९९२ ला वाद्यं परत हातात आली, एवढंच.

‘पंक आणि हिप-हॉप (रॅपखालचा ठेका) दोन्ही एका गाण्यात बसत नाहीत’ हेही चूक. पंक मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत धरा, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) चारपैकी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. लय न बदलता स्नेअर फक्त तिसरीवर न्या. कानाला ९० चा हिप-हॉप लागतो. फसतं कुठे? पॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा) सवयीने मधल्या जागा भरतो. त्या मोकळ्याच हव्यात.