गाबोळीचा गोळा आणि फुकटचं सोवळं

ऑक्टोबर आला, ओहायोतल्या नद्यांना पहिल्या गार पावसाचं पाणी चढलं, की आमच्या गरवणाऱ्यांच्या गोतावळ्यात एक मजकूर हमखास फिरू लागतो. मूळ इंग्रजी, कुणीतरी हौसेने मराठीत उतरवलेला. यंदा तो मला चौघांनी पाठवला. त्यातल्या एका पोराने खाली पुस्ती जोडली होती, "काका, तुम्हीसुद्धा?"

मजकुराचं सार असं. स्टीलहेड मासा नदीत शिरला की खाणं सोडतो. त्यामुळे गळावर धाग्याचं खोटं अंडं बांधून "त्याने ते खाल्लं" म्हणणं ही थाप आहे. प्रत्यक्षात दोरा त्याच्या उघड्या तोंडातून सरकतो आणि गळ बाहेरून अडकतो. दुसरं, फ्लाय (गळावर पिसं-धागे बांधून केलेलं खोटं भक्ष्य) म्हणजे किडा. अंडं हा किडा नव्हे, म्हणून ती फ्लायच नव्हे. तिसरं, ते आमिषच आहे आणि आमिषाने मासे मरतात. आणि शेवटी, ही अंडीवाली माणसं विणीवर बसलेले मासे उपसतात.

मी गेली बारा-तेरा वर्षं या नद्यांवर अंड्याची फ्लाय लावतो, तेव्हा आरोपी मीच. शेवटच्या आरोपात तथ्य आहे, त्याकडे येतोच. बाकीचे ज्या पहिल्या वाक्यावर उभे आहेत, तेच कच्चं आहे.

स्टीलहेड खात नाही हा समज सामन माशावरून उचललेला आहे. पॅसिफिक सामन विणीसाठी नदीत शिरला की त्याचं खाणं थांबतं, आतडं आटत जातं, आणि वीण झाली की तो मरतो. स्टीलहेडचं तसं नाही. हिमाचल-काश्मीरमध्ये तळी बांधून वाढवतात तो रेनबो ट्राउट आणि हा, जात एकच. फरक इतकाच, की हा पोरवयात नदी सोडून मोठ्या पाण्यात जातो, तिथे पोसतो आणि विणायला नदीत परततो. मूळचा तो प्रशांत महासागराच्या काठचा, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत आणि पलीकडे रशियाच्या कामचटकात. आमच्या ग्रेट लेक्सच्या पट्ट्यात तो १८७६ पासून माणसांनी आणून सोडला. वीण झाली म्हणून तो मरेलच असं नाही. बरेच मरतात, पण वाचलेले खाली उतरतात, पुन्हा पोसतात आणि पुन्हा वर येऊ शकतात. ज्याला परतीचा प्रवास करायचाय तो शिधा कशाला टाकून देईल? शिवाय पश्चिम किनाऱ्यावरचे उन्हाळी स्टीलहेड मे-जूनपासून नदीत येऊ लागतात आणि विणतात ते थेट पुढच्या वसंतात. इतके महिने तोंडाला कुलूप लावून राहणारा मासा तो नव्हे.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर नदीतल्या स्टीलहेडचं पोट पुष्कळदा रिकामं निघतं. गार पाण्यात त्याची भूक मंदावते, समोरून गेलेल्या दहा गोष्टींतल्या नऊ तो सोडून देतो. पण मंदावलेली भूक म्हणजे बंद तोंड नव्हे. उपास आहे म्हणून साबुदाण्याची खिचडी नाकारणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

खिचडी कुठे मिळते ते पाहायचं असेल तर न्यूयॉर्क राज्यातल्या पुलास्की गावाला जावं. तिथून सामन नावाचीच नदी ऑन्टारियो सरोवराला मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरात चिनूक सामन तिच्यात चढतात. एकेका मादीच्या पोटात चार-पाच हजार अंडी, प्रत्येक मटाराच्या दाण्याएवढं. मादी कुशीवर वळून शेपटीने गोट्यांत खड्डा करते, अंडी घालते, वरचे गोटे खाली लोटून ती झाकते. मग मागून दुसरी येते, तिथेच खणते आणि पहिलीची अंडी उधळून टाकते. ही सुटी अंडी धारेबरोबर तळाशी घरंगळत जातात. गोट्यांखाली झाकली गेलेली नाहीत, म्हणजे ती जगणार नसतातच. आणि सामनच्या पाठीमागे, हात-दोन हात अंतरावर, स्टीलहेड ओळीने उभे असतात. पंगतीत जिलबीचा वाढपी अजून तीन पानं लांब असताना आपण जसे त्याच्याकडे न बघितल्यासारखं करतो, अगदी तसे.

तिथला एक मासा मी पूर्वी घरी आणला होता. ओट्यावर पोट चिरलं तर ही एवढी अंडी बाहेर आली, मोठा चमचाभर तरी. काही पारदर्शक केशरी, काही पाण्यात राहून पांढरीफटक पडलेली. बायको मालवणची. ती म्हणाली, "नर आहे म्हणालास ना? मग गाबोळी कशी?" ती त्याची नव्हतीच. त्याने खाल्लेली होती.

मजकूर लिहिणाऱ्याला खरं तर एक चांगला मुद्दा सापडला असता, तो त्याने हातचा घालवला. आमच्या क्लीव्हलँडजवळच्या रॉकी नदीत सामन नावापुरतेच येतात. नोव्हेंबरात तिच्यात वाहती अंडी जवळजवळ नसतात. इथले बहुतेक स्टीलहेड सरकारी केंद्रात वितीएवढे वाढवून सोडलेले. ओहायो दरवर्षी असे चार लाखांच्या आसपास मासे आपल्या नद्यांत सोडतं. मग ज्याने सामनचं अंडं कधी बघितलंच नसेल तो मासा धाग्याचं अंडं का घेतो? एप्रिलमध्ये उत्तर सोपं असतं. तेव्हा सकर मासे विणतात, त्यांच्या पिवळट अंड्यांचे पुंजके वाहतात, आणि त्यांची नक्कल करणारी सकर-स्पॉन नावाची फ्लायच आहे. नोव्हेंबरचं उत्तर माझ्यापुरतं असं, की माशाला हात नसतात. गोल, उजळ, मऊ वस्तू नाकासमोरून चालली तर ती काय आहे हे बघायला त्याच्याकडे एकच अवयव आहे. तो ती तोंडात घेतो, आवडली नाही तर क्षणात थुंकतो. आपली सगळी कसरत त्या क्षणापुरती. याला जेवण म्हणा, चाखणं म्हणा, पण तोंड माशाने स्वतः उघडलेलं असतं.

इथे तोंडातून दोरा सरकवण्याचा आरोप येतो. असं घडतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अलास्कातल्या केनाई नदीवर सॉकाय सामन बहुतांशी असाच पकडतात. तो समुद्रात बारीक प्लवकांवर जगलेला, नदीत काही घेत नाही. लांब दोरा धारेला आडवा वाहवत नेला की श्वासासाठी उघडलेल्या तोंडातून तो सरकतो आणि मागून गळ येऊन जबड्याला बाहेरून लागतो. स्टीलहेडच्या बाबतीतही असा संशय घ्यायला जागा आहे, पण ती मण्यांमुळे. प्लास्टिकचा किंवा काचेचा मणी दोऱ्यात ओवतात आणि त्याच्या खाली मोकळा गळ बांधतात. मासा मणी घेतो, गळ तोंडाबाहेरच राहतो. मणी आणि गळ यांत अंतर जास्त असेल तर गळ गालाला, कल्ल्याला, कधी डोळ्यालाही लागतो. म्हणूनच अलास्कात नियम आहे, की मणी पक्का बसवायचा तर गळापासून दोन इंचांच्या आत, नाहीतर तो दोऱ्यावर मोकळा सरकता ठेवायचा. भांडायचं तर या दोन इंचांवरून भांडा, मीही येतो.

धाग्याच्या अंड्यात गळ बाहेर राहायला जागाच नाही, हे ते एकदा बांधून बघितलं की कळतं. आखूड दांडीचा, रुंद पोटाचा आठ किंवा दहा नंबरचा गळ शिकंज्यात धरायचा. ग्लो-बग नावाचा फुगीर धागा मिळतो, त्याचे तीन पदर पीच रंगाचे आणि मध्ये एक बारीक पदर लाल, असे गळाच्या पाठीवर ठेवायचे. मजबूत दोऱ्याचे तीन-चार वेढे, इतके घट्ट की गळ वाकेल अशी भीती वाटावी. मग सगळे पदर चिमटीत धरून वर ताणायचे आणि वाकड्या पात्याच्या कात्रीने एकाच कापात तोडायचे. सोडलं की धागा फुलतो आणि गळाभोवती गोळा तयार, आत लाल ठिपका. कात्री बोथट असली आणि दोनदा कापावं लागलं तर अंडं होत नाही, कोबी होतो. माझ्या डबीत असे बरेच कोबी आहेत. मुद्दा असा की गळ गोळ्याच्या पोटातच आहे. मासा गोळा घेईल तर गळ आतूनच लागेल, बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात. बाहेरून लागला तर तो चुकून लागला, आणि असा मासा मोजायचा नाही हे इथे कुणालाही शिकवावं लागत नाही.

"फ्लाय म्हणजे किडा" यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. निम्म्या फ्लाय लहान माशांच्या, जळवांच्या, कोळंबीच्या नकला असतात, आणि सामनसाठीच्या जुन्या भरजरी फ्लाय तर जगातल्या कुठल्याच प्राण्यासारख्या दिसत नाहीत. ब्रिटिश कोलंबियातल्या नदीच्या नावाची बबीन स्पेशल घ्या: दोन भडक लाल गोळे आणि पिसांची झालर. तिला कुणी ओवळं म्हणत नाही.

या आरोपामागचं खरं दुखणं वेगळं आहे आणि ते मला समजतं. फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीत असतं; दोरी हवेत उलगडत जाते आणि बिनवजनाची फ्लाय तिच्या टोकाने पोचते. अंडं तळाशी न्यायचं तर शिशाचे मणी चिमटावे लागतात, वर इंडिकेटर म्हणजे तरंगणारं बोंड लावावं लागतं, आणि मग ती फेक कपडे वाळत घातल्यासारखी दिसते. मिशिगनमध्ये जड शिशाच्या एका पद्धतीला "चक अँड डक" म्हणतात: फेका आणि स्वतःचं डोकं वाचवा. देखणं नाही, मान्य. देखणं नसणं हा गुन्हा नव्हे.

आमिषाचा मुद्दा आकड्यांनी सुटतो. खरं आमिष म्हणजे गाबोळीची पुरचुंडी: खरी अंडी जाळीच्या बारीक फडक्यात बांधलेली. तिला वास आहे, चव आहे. मासा ती गिळतो आणि गळ घशात किंवा त्याहून खाली जातो. ट्राउट सोडून दिल्यावर किती मरतात याच्या अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झालेली आहे. नैसर्गिक आमिषावर धरलेल्यांपैकी साधारण ३० टक्के मरतात, फ्लायवर धरलेल्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी. माशाला काय दिसलं यावर हे ठरत नाही, त्याने ते किती वेळ तोंडात ठेवलं यावर ठरतं. धाग्याला चव नाही. तो थुंकला जातो, म्हणून तर आपले दहातले सात मासे सुटतात! डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्याने किनारपट्टीच्या नद्यांवरच्या स्टीलहेडसाठी नियम कडक केले, तेव्हा आमिष आणि वास लावणं बंद केलं, नावेतून गरवणं बंद केलं, गळ एकेरी आणि बिनकाट्याचा हवा असं सांगितलं. फ्लायचा आकार अंड्याचा की किड्याचा, हे विचारलं नाही.

राहिला विणीचा आरोप. तो खरा आहे, फक्त पत्ता चुकलाय. विणीच्या खड्ड्यावर उभ्या असलेल्या माशापुढे पुन्हा पुन्हा फ्लाय नेणारे लोक आहेत, त्यांचं समर्थन मी करणार नाही. ओहायोतल्या नद्या उन्हाळ्यात तापतात, तिथे फार पिल्लं जगत नाहीत, म्हणून इथे त्याने संख्येवर फरक पडत नसेलही. पण जिथे मासे स्वतःच्या बळावर वाढतात तिथे पडतो. तरीही जास्त नुकसान गळाने होत नाही, बुटांनी होतं. ट्राउटच्या अंड्यांवरून चालण्याचा परिणाम मोजणारा एक अमेरिकी अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. अंडी फुटायच्या जरा आधी खड्ड्यावरून एकदाच चालून गेल्याने ४३ टक्क्यांपर्यंत जीव गेले. रोज दोनदा चालल्यावर हा आकडा ९६ टक्क्यांपर्यंत पोचला.

हा अभ्यास मला एका म्हाताऱ्याने सांगितला. मिशिगनमधली पेर मार्केट नदी, एप्रिलची सकाळ, तिथले स्टीलहेड नदीतच जन्मलेले. मी मांडीभर पाण्यात, पलीकडच्या डोहापर्यंत फेक पोचावी म्हणून आणखी दोन पावलं पुढे सरकलेलो. काठावरून तो ओरडला, "खाली बघ." बाकीचा तळ शेवाळाने काळपट होता आणि माझ्या पायाखाली ताटाएवढा नाही, चांगला पाटाएवढा तुकडा घासून धुतल्यासारखा फिकट होता. मी त्याच्या बरोबर मधोमध उभा होतो. पाय उचलावा की तसाच ठेवावा, तेही सुचेना.

त्या दिवशी माझ्या दोरीला अंडं नव्हतं. लांब काळ्या पिसांची, अगदी सोवळ्यातली फ्लाय होती.