जुनं कर्नल 'आरएम'ने उडवू नका: फिरत्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

सोलापुरात संगणक शिकणाऱ्या मुलांच्या आणि दुरुस्तीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. मजकूर असा: उबंटू किंवा मिंट (लिनक्सचे दोन प्रकार) मंद झालं की /बूट फोल्डरमधल्या जुन्या कर्नलच्या (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) फायली 'आरएम' या पुसायच्या आज्ञेनं उडवा, एकच कर्नल ठेवा, ग्रबची (सुरू होताना कर्नल निवडायचा मेनू दाखवणारा प्रोग्रॅम) सीएफजी फाईल उघडून जुन्या ओळी काढा, बायोसमधून उबंटू सोडून बाकीच्या नोंदी पुसा. मशीन पळायला लागेल, 15 जीबी मोकळे होतील. हे वाचून कुणाचं मशीन चालू व्हायचंच थांबू नये, म्हणून हे उत्तर. आज्ञा इथं देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन लहान अक्षरांत टाका.

मशीन पळायला लागेल, हे चूक. सुरू होताना एकच कर्नल रॅममध्ये जातं. बाकीची डिस्कवर नुसती पडून असतात, प्रोसेसरला त्यांचा काही भार नाही.

15 जीबीचं गणित तर अजिबात बसत नाही. एका कर्नलची इमेज (मुख्य फाईल), इनिटआरडी (सुरू होताना आधी लागणारी मदतनीस फाईल), मॉड्यूल्स (ड्रायव्हर वगैरे) आणि हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फायली) मिळून साधारण पाव ते अर्धा जीबी होतो. साठलेली जागा बहुतेक वेळा दुसरीकडेच असते: मिंटवर टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या राखून ठेवलेल्या प्रती), जुने स्नॅप आणि फ्लॅटपॅक (ॲपची पॅकेजं), जर्नलचे लॉग (सिस्टिमच्या नोंदी). 'सुडो एपीटी क्लीन' (एपीटी म्हणजे पॅकेज बसवणारं-काढणारं साधन) आणि 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्युम-साइझ=200एम' (शेवटचा एम कॅपिटल) चालवा, टाइमशिफ्ट उघडून जुने स्नॅपशॉट काढा. तिथं खरी जागा सुटते.

आता 'आरएम'. कर्नल म्हणजे एक फाईल नव्हे, तो पॅकेजांचा संच आहे. /बूटमध्ये दिसते ती इमेज आणि इनिटआरडी. मोठा भाग /लिब/मॉड्यूल्समध्ये आणि हेडर्समध्ये असतो. /बूटमधून फाईल उडवली तर तो मोठा भाग तसाच राहतो, आणि डीपीकेजीच्या (बसवलेल्या पॅकेजांचा हिशेब ठेवणारं साधन) वहीत ते कर्नल बसवलेलंच दिसतं. म्हणजे जागा थोडीच सुटते आणि हिशेब मात्र बिघडतो. नीट पद्धत अशी:

'युनेम -आर' टाकून सध्या चालू असलेलं कर्नल बघा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा. 'डीपीकेजी -एल | ग्रेप लिनक्स-इमेज' टाका. 'आयआय' म्हणजे बसवलेलं; 'आरसी' म्हणजे काढलेलं, फक्त सेटिंगचे अवशेष उरलेले. मग 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' (पर्ज म्हणजे सेटिंगसकट काढणं). चालू कर्नल आणि सगळ्यांत नवं कर्नल ते स्वतःहून राखतं. हो म्हणण्याआधी यादी वाचा. नाव देऊन बसवलेलं कर्नल त्यात येत नाही. ते 'सुडो एपीटी पर्ज लिनक्स-इमेज-6.8.0-45-जेनेरिक' असं पूर्ण आकड्यानिशी काढायचं, त्याच आकड्याच्या मॉड्यूल्स आणि हेडर्ससकट. इथं तारांकन वापरू नका. 'लिनक्स-इमेज-*' लिहिलं की 'लिनक्स-इमेज-जेनेरिक' हे मूळ पॅकेजही जातं आणि पुढं कर्नलचे सुरक्षा अपडेट येणंच बंद होतं, तेही गुपचूप. मिंटवर टर्मिनल नको असेल तर अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे, तिथून काढता येतं.

मेसेजची बाजू एकाच ठिकाणी थोडी बरोबर आहे. डिस्क एन्क्रिप्ट केली की /बूट वेगळं आणि लहान असतं. ते काठोकाठ भरलं की 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं आणि एपीटीही अडकतं. अशा वेळी सगळ्यांत जुन्या, चालू नसलेल्या कर्नलचं इनिटआरडी होम फोल्डरमध्ये हलवा. हलवायचं, पुसायचं नाही. मग 'सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल', आणि लगेच तेच जुनं कर्नल पर्ज करा.

एकच कर्नल ठेवा हा सल्ला सोलापुरात तर मुळीच पाळू नका. पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्याचा हिशेबाचा संगणक डोळ्यापुढं आणा: यूपीएसची बॅटरी थकलेली, मे महिन्याची दुपार, अपडेट चालू असतानाच लाईट गेली. नव्या कर्नलचं इनिटआरडी अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पडद्यावर 'अनएबल टू माउंट रूट एफएस' येऊन मशीन थांबतं. जुनं कर्नल शिल्लक असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा), 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचं कर्नल निवडा, आत जाऊन 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. एनव्हिडियाचा किंवा वायफायचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधला गेला नाही, तरी हेच जुनं कर्नल उपयोगी पडतं. चालू आणि त्याच्या मागचं, अशी दोन ठेवाच.

ग्रबच्या सीएफजी फाईलमध्ये हात घालायची गरजच नाही. ती फाईल यंत्रानं बनवलेली असते, पहिल्याच ओळींत 'डू नॉट एडिट' लिहिलेलं असतं. पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्यानं लिहिली जाते आणि तुमचे बदल जातात. पॅकेज काढलं की मेनूतली नोंद आपोआप जाते. राहिलीच तर 'सुडो अपडेट-ग्रब'. मेनूतून विंडोज गायब झालं असेल तर घाबरू नका: ग्रब 2.06 पासून दुसरी ओएस शोधणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. /इटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' लिहा (डावीकडचं नाव कॅपिटलमध्ये) आणि पुन्हा अपडेट-ग्रब चालवा.

बायोसमधल्या नोंदी पुसून डिस्कवर एक एमबीसुद्धा सुटत नाही, कारण त्या मदरबोर्डच्या चिपवर असतात. सेकंडहँड मशीनवर आधीच्या मालकाच्या लिनक्सची मेलेली नोंद खुपत असेल तर 'सुडो ईएफआयबूटएमजीआर' टाकून तिचा क्रमांक नक्की ओळखा आणि 'सुडो ईएफआयबूटएमजीआर -बी 0003 -बी' अशी तेवढीच काढा. यात पहिला बी लहान, दुसरा कॅपिटल. /बूट/ईएफआयमधले मायक्रोसॉफ्ट आणि बूट हे फोल्डर मात्र पुसू नका. विंडोज पहिल्यातून सुरू होतं, आणि नोंदी हरवल्या की मशीन दुसरा शोधतं.

मेसेज वाचून कुणी फायली आधीच उडवल्या असतील आणि मशीन अजून चालू असेल, तर ते बंद करू नका. चालू कर्नल रॅममध्ये आहे, तोवर दुरुस्ती सोपी आहे. 'सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिनक्स-इमेज-' याला चिकटून युनेमनं दिलेला आकडा लिहा. मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के' आणि एक जागा सोडून तोच आकडा, शेवटी 'सुडो अपडेट-ग्रब'. 'एलएस -एल /बूट' टाकून इमेज आणि इनिटआरडी दोन्ही दिसतात ना, त्यांचा आकार शून्य नाही ना, हे डोळ्यांनी बघा. मगच रीस्टार्ट करा.