‘नऊला आडवे व्हा, झोप आपोआप येईल’: ताणात हाच सल्ला झोप मोडतो

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येणारा सल्ला असा: ताणामुळे झोप उडाली असेल तर नऊलाच आडवे व्हा, डोळे मिटून पडून राहा, राहिलेली झोप दुपारी भरून काढा, नाहीच जमलं तर दुधात दोन चमचे जायफळ किंवा एखादा पेग.

नऊला आडवं होणं: रोज साडेअकराला झोपणाऱ्याचं शरीर नऊ वाजता चांगलं जागं असतं. ताणाने कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढलेली, नाडी जलद. अंधारात कर्जाचा हप्ता, यंत्रमागाची अडकलेली ऑर्डर, मुलीची फी डोक्यात फिरू लागते. असं रोज झालं की मेंदू गादीलाच काळजीची जागा समजतो. टीव्हीसमोर पेंग येते आणि गादीवर टक्क जाग, ती यामुळेच.

पडून राहणं: सगळ्यांत जास्त नुकसान याच वाक्याने होतं. साधारण वीस मिनिटांत (घड्याळ न बघता, अंदाजाने) झोप लागली नाही तर उठा. मंद दिव्यात शांत बसा, मोबाईल नको. डोळे जड झाले की परत या. रात्रीत तीनदा उठावं लागलं तरी चालेल. सकाळी उठायची वेळ मात्र रविवारीही तीच. आठवडाभर झोप लिहून ठेवा. सरासरी साडेपाच तास निघाली, तर अंथरुणात सहाच तास: साडेअकरा ते साडेपाच. त्यातला 85 टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला 15 मिनिटं वाढवा. पाच तासांखाली कधीच नेऊ नका. सुरुवातीला दिवसा पेंग येते आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. वाहन किंवा यंत्र चालवणारे, फिट येणारे, बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा आजार) असणारे यांनी तास कमी करणं डॉक्टरांना विचारूनच करावं.

दुपारची झोप: सोलापूरच्या मे महिन्यात पडल्याशिवाय राहवत नाही, खरंच. गजर लावून 20 मिनिटं, तीनच्या आत. दोन तास झोपलात तर रात्रीचीच झोप खर्च केलीत.

जायफळ चिमूटभर स्वादापुरतं ठीक. दोन चमच्यांची पूड 5 ग्रॅमच्या आसपास जाते, तेवढ्याने धडधड आणि भ्रम होऊ शकतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते, घोरणं वाढतं.

या संदेशात नसलेल्या दोन गोष्टी. काळजीसाठी संध्याकाळी सातला 15 मिनिटं ठेवा: कागदावर डावीकडे चिंता, उजवीकडे उद्या करायचं एकच काम. दुसरी, उकाडा. झोप लागण्यासाठी शरीराचं तापमान उतरावं लागतं आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. पाणी काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या शहरात गच्चीवर पाणी ओता असं आम्ही सांगणार नाही. उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याची अंघोळ करा, त्याला एक बादली पुरते.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असंच चाललं, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांकडे जा. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीतही बोलता येतं.