पाण्याला मंडळी विचारू नका

आज चर्चमधली उपासना सुटली तेव्हा साडेदहाच वाजले होते, पण ऊन डोक्यात शिरायला लागलं होतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे, नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. गेटमधून एक डिलिव्हरीवाला पोरगा आत आला. तोंडाला दुपट्टा, पाठीवर भली मोठी पेटी, हातात रिकामी बाटली. व्हरांड्यातल्या वॉटर कूलरकडे पाहत म्हणाला, "काका, बाटली भरून घेऊ का?" आमच्या कमिटीतले एक भाऊ तिथंच उभे होते. त्यांनी त्याला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या मंडळीचा तू?" म्हणजे कोणत्या चर्चचा. पोराला प्रश्नच कळला नाही. "हे सभासदांसाठी आहे. चौकात पाणपोई आहे, तिथं भर." तो "बरं" म्हणाला आणि निघाला. मी पायऱ्या उतरून गेटपर्यंत पोहोचेस्तोवर त्याची गाडी वळलीसुद्धा होती.

घरी आल्यापासून डोकं शांत नाही, म्हणून लिहून राहिले.

चौकातली पाणपोई गणपती मंडळाच्या पोरांची आहे. लाल कपडा गुंडाळलेले रांजण, रोज सकाळी कपडा भिजवतात, झाकणावर स्टीलचा ग्लास. रिक्षावाला पितो, बुरखा घातलेली बाई पिते, आपल्याच संडे स्कूलची पोरंही पितात. कोणी कोणाला काही विचारत नाही. दीक्षाभूमीवर लोक येतात तेव्हा रस्त्यारस्त्यावर जेवण आणि पाणी वाटणारे उभे असतात, तेही कोणाला गाव-जात विचारत नाहीत. आणि बायबलात मत्तयाच्या दहाव्या अध्यायात प्यालाभर थंड पाण्याचंसुद्धा प्रतिफळ सांगितलेलं वाचणारे आपण, आपल्या कूलरला सभासदत्व लागतं!

मला सांगा, आपल्यातल्या किती घरांचे पणजोबा-खापरपणजोबा गावच्या विहिरीवर चढू शकत होते? पाणी प्यायला मिळावं म्हणून या महाराष्ट्रात १९२७ साली बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला. "तू कोणाचा?" हा प्रश्न पाण्याजवळ उभं राहून ऐकणं काय असतं, ते आपल्या रक्तात आहे. तोच प्रश्न आपण दुसऱ्याला विचारायचा? येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसला आणि ज्यांच्याशी यहूद्यांचा व्यवहार नव्हता त्या शोमरोनी बाईकडे त्यानं स्वतः पाणी मागितलं. भर दुपारी. तेही ऊनच होतं.

माझी आई मिशन हॉस्पिटलात नर्स होती, जुन्या लोकांना आठवत असेल. आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. त्या आमच्या घरचं पाणी पीत नसत. वर नळावर सगळ्यांदेखत म्हणायच्या, "हे लोक बाटवतात, पोरांले तिकडे पाठवू नका." मग त्यांची सासू अंथरुणाला खिळली. पाठीला आणि कमरेला बेडसोअर्स झाले, वास अंगणापर्यंत यायचा. आई ड्यूटीवरून आली की साडी बदलायची आणि कोमट पाणी, गॉज, स्वच्छ फडकी घेऊन त्यांच्याकडे जायची. म्हातारीला एका कुशीवर वळवायची, जखम हळूहळू धुवायची, पू टिपायची, पांढरी पट्टी बांधायची. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, सुरकुतीनंसुद्धा कातडी सोलते म्हणायची. दर दोन तासांनी कूस बदला, हे काकूंना रागावून सांगायची. मी एकदा चिडून म्हटलं, "ती आपल्याला काय काय बोलते अन् तू तिच्या घरी जाते?" आई म्हणाली, "त्या म्हातारीची पाठ सडून राहिली. काकूचं तोंड नंतर पाहू."

म्हातारी गेली. काकूंनी त्यानंतरही आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. शेवटपर्यंत नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही. जखम धुतली ती काकूंनी आपलं पाणी प्यावं म्हणून नव्हतीच.

मला आपल्या लोकांशी हेच बोलायचं आहे. आपण प्रेमाचं खातं आपल्याच लोकांमध्ये फिरवतो. मंडळीतलं लग्न, मंडळीतलं मयत, मंडळीतल्या पोराची फी. करावंच. पण जे तुमच्यावर प्रेम करतात त्यांच्यावरच केलं तर काय मोठं केलं, जकातदारही तेवढं करतात, हे डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथं नागपुरात आले. त्यांच्या नावाच्या, १८८३ साली सुरू झालेल्या कॉलेजचा आपण उठता-बसता अभिमान सांगतो. त्या वर्गांत सगळ्या जातिधर्मांची पोरं शिकली. पंडिता रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात आपल्याच या मध्य प्रांतात येऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन गेल्या. त्यांनी काय आधी सभासद यादी तपासली?

हो, मागच्या उन्हाळ्यात कंपाउंडातल्या नळाच्या तोट्या चोरीला गेल्या होत्या, हे मला माहीत आहे. आणि दिवस असे आहेत की अनोळखी माणसाला साधं पाणी दिलं तरी कोणी भलता अर्थ काढेल, ही भीती खोटी नाही. पण 'हे लोक बाटवतात' हे बोलणं आईनं नळावर उभं राहून ऐकलं होतं, तरी ती संध्याकाळी गॉज घेऊन गेलीच. भीती वाटते म्हणून हात आखडायचा असेल तर मग रविवारी प्रेमाचा अध्याय, १ करिंथ १३, इतक्या सुरात कशाला वाचायचं? कोण काय म्हणेल त्याचा हिशोब ठेवून कोणाची जखम धुतली जात नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, तर हेही लिहिते. ज्या भाऊंबद्दल मी बोलते आहे, तेच कोरोनात स्वतःच्या गाडीत ऑक्सिजनचे सिलेंडर घालून रात्री-बेरात्री फिरले. माझ्या दिरासाठीही आणलं होतं. वाईट माणूस नाही. म्हणूनच जास्त लागलं. सिलेंडर नेताना त्यांनी कोणाची मंडळी विचारली नव्हती, मग कूलरपाशी का विचारावी?

कमिटीला मी आज मेसेज केला आहे: गेटच्या बाहेर, लिंबाच्या सावलीत, दोन रांजण ठेवू द्या. रांजण मी आणते, लाल कपडाही आणते. रोज सकाळी धुऊन भरायला माणसं लागतील. सोमवार आणि शनिवार माझे. बाकीचे वार कोण घेतं ते खाली लिहा. नुसतं 'आमेन' लिहून जाऊ नका, वार लिहा.

आणि भाऊ, तुम्ही हे वाचालच. फोन करून भांडायचं असेल तर भांडा, मी उचलीन. वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे, डबा माझ्याकडूनच येणार आहे, ते ठरलेलं बदललेलं नाही. त्यांना तिखट चालतं का, तेवढं विचारून कळवा.