“हे तर शाळकरी पोरालाही कळतं”: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सिव्हिलायझेशन ६’ या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर खेळात जिंकलेली शहरं हातातून का निसटतात, या माझ्या लेखाखाली आलेली एक प्रतिक्रिया आधी पूर्ण देतो. सोयीचं तेवढंच उचललं असं नंतर कोणी म्हणायला नको.

“एवढा मोठा लेख लिहिण्याचं कारणच कळलं नाही. शहरात सैन्य ठेवलं आणि लोकांना खूश ठेवलं की बंड होत नाही, हे तर शाळकरी पोरालाही कळतं. आकडेमोड करून आपण किती जाणकार हे दाखवायचा उगाच सोस. पाचव्या भागातली हॅपिनेसची पद्धत यापेक्षा बरी होती. टोटल वॉरमध्ये तर कर कमी करूनही लोक शांत करता येतात. यातलं काहीच लेखात नाही.”

मुद्दा खोडायचा असेल तर खुशाल खोडा, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण ‘सोस’ हा शब्द मुद्द्याला लागत नाही, माणसाला लागतो. आकडे दिले नसते तर याच जागी “पुरावा कुठे आहे?” असं आलं असतं, हेही मला ठाऊक आहे. या मालिकेचे जुने भाग जुन्या कॉम्प्युटरवर खेळत मी मोठा झालो, आणि आता डेइटी या सर्वांत अवघड पातळीवर खेळतो. त्याने कोणी विद्वान ठरत नाही, मान्य. पण शाळकरी पोराच्या रांगेत बसवण्याआधी निदान लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

एक गोष्ट तुमच्या बाजूने. लेखात सांगितलेली लॉयल्टीची (म्हणजे शहराच्या निष्ठेची; ती शून्यावर आली की शहर फुटतं) पद्धत मूळ खेळात नाही. २०१६ला खेळ आला तेव्हा ती नव्हती, २०१८च्या ‘राइज अँड फॉल’ या पुरवणीने आणली आणि पुढे ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्येही राहिली. हे मी चौथ्या परिच्छेदात लिहिलं आहे, पहिल्याच ओळीत असतं तर बरं झालं असतं. तुम्ही मूळ खेळच खेळत असाल तर तुमचं शहर लॉयल्टीपायी कधीच फुटणार नाही, आणि मग आपल्यात भांडणच नाही.

आता ते वाक्य. “सैन्य ठेवलं आणि लोकांना खूश ठेवलं की बंड होत नाही.”

ही समजूत कुठून येते ते मला चांगलं माहीत आहे. २००५च्या चौथ्या भागात हेरेडिटरी रूल (वंशपरंपरेचं राज्य) हे धोरण लावलं की शहरात बसलेल्या प्रत्येक लष्करी युनिटमागे, म्हणजे तुकडीमागे, एक हॅपी (खुशीचा गुण) मिळायचा. स्वस्तातले वॉरियर कोंबा, लोक गप्प. त्याही आधी तिसऱ्या भागात ठरावीक राज्यपद्धतींमध्ये सैन्य पोलिसाचं काम करायचं. म्हणजे सवय खरी आहे, फक्त ती दुसऱ्या खेळांची आहे. सहाव्या भागात सैन्याला किती भाव आहे ते बघू.

एक शहर घ्या. नुकतंच जिंकलंय, लोकसंख्या ३. तुमचं सर्वांत जवळचं जुनं शहर ८ टाइलवर (टाइल म्हणजे नकाशावरचं एक घर), लोकसंख्या ७. शत्रूची दोन शहरं शिल्लक आहेत: एक ४ टाइलवर, लोकसंख्या १०, आणि दुसरं ५ टाइलवर, लोकसंख्या ८. प्रत्येक नागरिक आपल्या देशाच्या बाजूने १ दाब टाकतो, आणि दर टाइलमागे तो दहा टक्क्यांनी उतरतो. ९ टाइलच्या पलीकडे काहीच पोचत नाही. तेव्हा तुमच्या बाजूला त्या शहराचे स्वतःचे ३ आणि जुन्या शहराचे ७ गुणिले ०.२, म्हणजे १.४. एकूण ४.४. शत्रूच्या बाजूला १० गुणिले ०.६ आणि ८ गुणिले ०.५, म्हणजे ६ अधिक ४, एकूण १०. दोन्ही बाजूंतला फरक घ्यायचा, कमी असलेल्या बाजूच्या आकड्यात ०.५ मिळवून त्याने तो भागायचा आणि दहाने गुणायचं. उत्तर येतं दर टर्नला (खेळाच्या प्रत्येक फेरीला) उणे ११.४. लॉयल्टी ५० वर असेल तर पाचव्या टर्नला शहर गेलं. आधी फ्री सिटी (कोणाचंच नसलेलं शहर) होतं, आणि मग ज्याचा दाब जास्त त्याच्या पदरात पडतं.

आता तुमचं सैन्य आणा. जिंकलेल्या शहरात युनिट बसवलं तर नुसत्या कब्जापायी बसणारा फटका आवरतो. तेवढं काम ते नक्की करतं, आणि मीही लेखात “युनिट काढू नका” असंच म्हटलं आहे (वाचलं असतं तर दिसलं असतं). वर लिमिटानी हे पॉलिसी कार्ड (राज्याचं धोरण) लावलं असेल तर अधिक २. एवढंच. दहा युनिट शहराभोवती उभी केलीत तरी त्या २चे २० होत नाहीत. उणे ११.४चं झालं उणे ९.४. पाचऐवजी सहा टर्न. अभिनंदन.

आणि ‘लोक खूश’. अॅमेनिटी (लोकांच्या सुखसोयी) पुरून उरल्या की लॉयल्टीला ३ मिळतात, लोक अगदी आनंदात असले तर ६. पण ताज्या जिंकलेल्या शहरात अॅमेनिटी आणायच्या कुठून? एक लक्झरी (चैनीची वस्तू) चार शहरांनाच एकेक अॅमेनिटी देते, आणि त्याच लक्झरीचा दुसरा नग आपल्या लोकांना काही देत नाही, तो फक्त सौद्यात विकायच्या कामाचा. लढाई लांबली तर वॉर वेअरीनेस (युद्धाचा कंटाळा) त्याच अॅमेनिटी खात बसतो. वर जिंकताना शेतं लुटलेली असतात. अन्न कमी पडलं की लॉयल्टीला उणे ४. म्हणून शहर पडलं की पहिला बिल्डर (बांधकामाचं युनिट) शेत दुरुस्त करायला धाडावा, खाणीकडे नंतर बघावं. हेही लेखात होतं.

मग शहर टिकतं कशाने? गव्हर्नर (शहरावर नेमायचा कारभारी) बसवा: अधिक ८. मॉन्युमेंट (स्मारकाची इमारत) शाबूत असेल किंवा विकत घेतलं तर अधिक १. लिमिटानीचे २ मिळवले की ११, आणि उणे ११.४चं ओझं जवळपास शून्यावर येतं. या अकरापैकी ८ गव्हर्नरचे आणि सैन्याच्या खात्यावर २. “सैन्य ठेवलं की बंड होत नाही” या वाक्याचा हिशेब एवढाच निघतो. बहुतेकांची चूक पुढे होते. शहर स्थिर दिसलं की ते गव्हर्नर उचलून पुढच्या जिंकलेल्या शहरात नेतात आणि मागचं शहर लगेच परत घसरणीला लागतं. गव्हर्नर बहुतेकांना सातच मिळतात, आणि नव्या शहरात त्यांचा जम बसायला ५ टर्न लागतात (त्यांतल्या व्हिक्टरला ३). त्यांच्या खास करामती तोवर बंद. तेव्हा हलवण्याआधी दाबाचा हिशेब पुन्हा मांडा.

खरी गंमत मात्र युगात आहे, आणि तुमच्या वाक्यात तिला जागाच नाही. गोल्डन एजमध्ये (भरभराटीच्या युगात) नागरिकांचा दाब दीडपट, डार्क एजमध्ये (पडत्या युगात) निम्मा. शत्रू साध्या युगात आहे असं धरा. वरचंच शहर, तीच युनिटं. तुम्ही गोल्डन एजमध्ये असाल तर तुमची बाजू ४.४ची ६.६ होते आणि घसरण उणे ४.८वर येते. गव्हर्नर ते हसत पेलतो. डार्क एजमध्ये असाल तर तुमचे २.२ उरतात आणि हिशेब उणे २०च्याही खाली जातो. खेळ तो २०वर अडवतो, म्हणून उणे २०. आता अकरा मिळवलेत तरी उणे ९. जगातलं सगळं सैन्य आणून ठेवा, शहर जाणार. युग बदलायला किती टर्न राहिले ते पडद्यावर दिसतं. स्वारी त्या हिशेबाने काढायची असते.

आणि दुसरं, जे मला सर्वांत कामाचं वाटतं: शहरं सुटी घेऊ नका, जोडीने घ्या. वरच्या उदाहरणात तोच सैन्याचा जथा शहराच्या आत बसवण्याऐवजी ५ टाइलवरच्या शहरावर धाडा. ते पडलं आणि त्याची लोकसंख्या ८ची ६ झाली, तर शत्रूच्या बाजूचे ४ गेले आणि तुमच्या बाजूला ३ आले. तुम्ही ७.४, शत्रू ६. पहिल्या शहराचा आकडा उणे ११.४वरून अधिक २ झाला, तोही गव्हर्नर न बसवता. म्हणजे सैन्याचा उपयोग आहेच, पण पहारा देऊन नाही, शेजार काबीज करून. तुमच्या वाक्यात हा फरक असता तर मी एक ओळही लिहिली नसती.

बाकीचं थोडक्यात. पाचव्या भागात हॅपिनेस साऱ्या साम्राज्याचा एकच असतो, दर शहरामागे ३ आणि दर नागरिकामागे १ वजा. उणे १०ला बंडखोर उगवतात, आणि ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या त्याच्या पुरवणीमध्ये विचारसरणीच्या भानगडीत उणे २०ला शहरंही फुटतात. आवड आपली आपली. टोटल वॉरमधले कर हा वेगळा खेळ आणि वेगळा लेख. बुद्धिबळावरच्या लेखाखाली कोणी “कॅरममध्ये स्ट्रायकर असतो” असं लिहीत नाही.

अजूनही पटत नसेल तर शेवटचं जे शहर तुमच्या हातून गेलं, त्याआधीचा सेव्ह उघडा. त्या शहरावर क्लिक करून लॉयल्टीचा तपशील काढा आणि सर्वांत मोठा उणे आकडा कोणत्या ओळीपुढे आहे तेवढं इथे टाका. जवळच्या नागरिकांचा दाब सोडून दुसरी ओळ निघाली तर त्यावर बोलू. शाळकरी पोरांना मात्र मध्ये आणू नका.