मृगात की वटपौर्णिमेनंतर?

आमच्या ठाण्याच्या बोन्साय मंडळींत सध्या खडाजंगी चालू आहे. विषय एकच: वडाची कुंडी यंदा कधी बदलायची? एक गट म्हणतो, मृग लागला की लगेच. दुसरा गट म्हणतो, वटपौर्णिमा झाल्याशिवाय वडाला कात्री लावायची नाही. या गटात पाचपाखाडीच्या ताई सगळ्यांत पुढे. त्यांच्या सोसायटीतल्या बायका बाजारातून तोडलेल्या फांद्या आणण्याऐवजी गेली काही वर्षं ताईंच्या गच्चीवरच्या कुंडीतल्या वडालाच सूत गुंडाळतात. कुंडी बदलताना पानंही काढतात, मग ते झाड पूजेच्या दिवशी बोडकं कसं ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे.

एरवी हा वाद चहा संपेपर्यंत मिटतो. यंदा (२०२६) मात्र ज्येष्ठ अधिक आलाय. मृग नेहमीसारखा ७-८ जूनला लागणार आणि वटपौर्णिमा थेट २९ जूनला. मध्ये तीन आठवडे. तीन आठवडे म्हणजे वडाच्या दृष्टीनं अख्खा हंगाम.

मी मृगवाला आहे. भावनेपोटी म्हणत नाही, हिशेब मांडून सांगतो.

वटपौर्णिमा २०२३ साली ३ जूनला होती, २०२४ ला २१ जूनला, २०२५ ला १० जूनला. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, बारा महिने मिळून ३५४ दिवस. म्हणून दर वर्षी सण अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे ढकलले जातात. पाऊस काही चंद्राकडे बघून येत नाही. तो सूर्याच्या हिशेबानं येतो, आणि रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रंही सूर्याचीच. सूर्य त्या नक्षत्रात शिरला की ते लागलं, तेरा-चौदा दिवसांनी पुढचं. त्यामुळे अधिक मास येवो न येवो, मृग जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटीच लागतो. त्याची तारीखही सरकते, पण साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. मुंबई-ठाण्याकडे मोसमी पाऊस पोचायची सरासरी तारीख ११ जून. आपल्या शेतकऱ्यांनी पेरणीसाठी हे कालमापन उगाच नाही धरलं. कुंडीतल्या झाडालाही ते तितकंच लागू पडतं, असं माझं ठाम मत आहे.

वडाची कुंडी बदलणं म्हणजे नेमकं काय, ते ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. झाड कुंडीतून काढलं की मुळांचा चपटा गोळा हातात येतो, कुंडीच्याच आकाराचा. लाकडी काडीनं कडेकडेनं आत जात माती मोकळी करायची. मुळं कुंडीला गोल गोल वेढे घालून बसलेली असतात, ती विंचरून सरळ करायची. खाली जाणारी जाड मुळं कापायची, बाजूला पसरणारी बारीक मुळं राखायची. कापलं की चीक येतो, पांढरा, दुधासारखा, आणि बोटांना असा चिकटतो की साबणानं निघत नाही. खोबरेल चोळावं लागतं. मग कुंडीच्या भोकांवर जाळी, जाळीतून वर काढलेली तार, विटांचे चाळलेले तुकडे आणि शेणखत. झाड त्या तारेनं कुंडीला घट्ट बांधायचं, कारण झाड हललं की नवी मुळं तुटतात. तिसरा भाग मुळं गेलेलं ते झाड आता पानांतून पाणी सोडत राहणार आणि खालून पुरेसं ओढू शकणार नाही. अशा वेळी हवेत ओल असेल तर ते तगतं. मृगाच्या पहिल्या सरींनंतर हवाच ओली असते, ऊन सौम्य झालेलं असतं आणि वडाचं अंगही जागं झालेलं असतं. फांदीखालच्या पारंबीचं पांढुरकं टोक वाढायला लागलेलं डोळ्यांना दिसतं. (ती पारंबी मातीपर्यंत नेण्यासाठी आमच्यातले एक काका शहाळ्याची स्ट्रॉ उभी चिरून तिच्याभोवती बसवतात. आत ओल राहते आणि पारंबी सरळ खाली उतरते. वड ठेवणाऱ्यांनी करून बघाच.)

वटपौर्णिमेपर्यंत थांबलं तर झाड मरेल का? नाही मरणार. वड चिवट आहे. पण आर्द्रा निम्मी सरलेली असेल, मुसळधार पावसात ताज्या मातीचा चिखल होईल आणि वाढीचे तीन उत्तम आठवडे हातचे जातील. ताईंना मी तोडगा सुचवलाय: मृगात कुंडी बदला, पण पानं काढू नका, फक्त मोठी पानं निम्मी करा. पूजेला झाड हिरवं राहील. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. "वर्षभर तुम्ही आकारासाठी त्याला तारा गुंडाळता, एक दिवस आम्ही सूत गुंडाळलं तर त्याच्या अंगाला धक्का नको लागायला," असं त्या म्हणाल्या. यावर मला उत्तर सुचलं नाही आणि मला ते बोलणं मनापासून आवडलं.

या वादाच्या मुळाशी मला एक मोठी गोष्ट दिसते. आपण बोन्साय जपानकडून शिकलो. जपाननं ती कला चीनकडून घेतली आणि शेकडो वर्षं स्वतःच्या हवेत मुरवली. त्यामुळे पुस्तकं, व्हिडिओ, वेळापत्रकं सगळी त्यांच्या हवेची. 'मार्चमध्ये कुंडी बदला' हे वाक्य त्यांच्याकडे शंभर टक्के खरं आहे. टोकियोच्या उत्तरेला सैतामामध्ये ओमिया नावाचं बोन्साय गाव आहे. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतले रोपवाटिकावाले तिकडे गेले आणि १९२५ मध्ये ते गाव वसलं. तिथे हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. झाडं झोपतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंब फुगायला लागतात आणि तीच मुळं कापायची वेळ. आपल्याकडे मार्चमध्ये काय होतं? घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी हात भाजेल इतकं तापतं. त्या महिन्यात मुळं कापलेलं झाड पुढचे अडीच महिने उन्हाशी झुंजत बसतं. ज्युनिपर या थंड प्रदेशातल्या झाडाचंही तेच. इतक्या हौसेनं लोक आणतात, पण त्याला थंडीची झोप हवी, ती ठाण्यात मिळत नाही.

गंमत म्हणजे जपानी लोकांनीसुद्धा महिन्यावर भिस्त ठेवली नव्हती. त्यांच्या जुन्या पंचांगात वर्षाचे चोवीस भाग आहेत, तेही सूर्यावर बेतलेले, मूळ चीनचे. त्या प्रत्येकाचे पुन्हा तीन तुकडे करून बहात्तर लहान ऋतू, जेमतेम पाच-पाच दिवसांचे. किडे जमिनीतून वर येतात तो एक, पीच फुलायला लागतो तो एक. चिनी वर्णनं जपानच्या हवेला जुळेनात, म्हणून सतराव्या शतकात शिबुकावा शुनकाई या खगोलज्ञानं ती आपल्या देशाप्रमाणे बदलून घेतली. आपण त्यांच्याकडून घ्यायचं ते हे. त्यांचा मार्च उचलायचा नाही, त्यांची ही पद्धत उचलायची. आणि आपल्याकडे तर रोहिणी-मृग-आर्द्रा-पुनर्वसू तयार आहेत.

आमच्या गटात नाना प्रांतांचे लोक आहेत, म्हणून वेळेच्या बाबतीत दर रविवारी काहीतरी नवं निघतं. कोपरीचे मिश्राजी (नाव बदललंय) गेल्या वर्षी म्हणाले, "सावन लागला, आता बोगनवेल छाटतो." आम्ही म्हटलं, अहो, अजून आषाढ चालू आहे. दोघंही बरोबर होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, म्हणून त्यांचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी. आमच्या गुजराती बेन महिन्याच्या बाबतीत आपल्या बाजूच्या, पण त्यांचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं आणि आपलं गुढीपाडव्याला. झाडाच्या पाटीवर नुसतं वर्ष लिहिलं की त्यांच्याशी पुन्हा बोलाचाली.

गटातल्या एका जोडप्याचा मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला आहे. तो सांगत होता, तिथले जुने लोक सव्वासातला 'पाव आठ' म्हणतात, साडेसातला 'अर्धा आठ' आणि पावणेआठला 'पाऊण आठ'. म्हणजे सात वाजून गेले की त्यांची मोजणी येणाऱ्या आठच्या दिशेनं. आपण सव्वा आणि साडेमध्ये गेलेल्या तासाला धरून राहतो आणि पावणेला एकदम पुढच्याकडे उडी मारतो. नेरूळचे एक सभासद काही वर्षं इथिओपियात शिकवायला होते. तिथे सकाळच्या सातला एक वाजतो, कारण मोजणी उजाडल्यापासून सुरू. विषुववृत्ताच्या जवळच्या देशात सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो, म्हणून तिथे ही पद्धत सोयीची. केनिया-टांझानियात स्वाहिली बोलणारेही असंच मोजतात.

जपानमध्ये तर १८७२ संपेपर्यंत तासच लांब-आखूड व्हायचे. दिवसाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा, मग दिवस कितीही मोठा असो. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब, हिवाळ्यात आखूड. टोकियोत सर्वांत लहान दिवस पावणेदहा तासांचा आणि सर्वांत मोठा साडेचौदाचा, तेव्हा फरक चांगलाच जाणवत असणार. या बदलत्या तासांसाठी तिथल्या कारागिरांनी खास घड्याळं बनवली होती. १ जानेवारी १८७३ पासून सरकारनं पाश्चात्त्य दिनदर्शिका आणि समान तास लागू केले. माझ्या मते बागकाम करणाऱ्याला ते जुने तासच जास्त कामाचे. 'सकाळी सातला पाणी घाला' म्हणजे काय? ठाण्यात जूनमध्ये सहाला उजाडतं आणि जानेवारीत सव्वासातला. उजाडल्यावर तासाभरात, असं म्हटलं की बारा महिने चालतं.

घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा यांतही आपल्याकडे अंतर आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईच्या कितीतरी व्यवहारांत जुनी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालू होती, ३९ मिनिटं मागची. ती वेळ सूर्याला धरून होती. आजही आपल्या गच्चीवर सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबारा ते पाऊणच्या सुमारास. ज्यांनी हिरवी जाळी सकाळी अकरा ते दुपारी एक अशी ओढायची सवय लावलीय, त्यांची झाडं दीड-दोनच्या उन्हात भाजतात. जाळी अडीचपर्यंत राहू द्या.

आता वयाचा वाद, कारण तो यापेक्षाही जुना आहे. प्रदर्शनात पहिला प्रश्न ठरलेला: "हे झाड किती वर्षांचं?" बी रुजल्यापासून मोजायचं की कुंडीत आल्यापासून? आणि पंधरा वर्षांच्या फांदीला गुटी बांधून, म्हणजे झाडावरच तिला मुळं फोडून, वेगळं झाड केलं तर ते पंधरा वर्षांचं की आजच जन्मलेलं? वडा-पिंपळाच्या खोडात थंड प्रदेशातल्या पाइनसारखी स्वच्छ वाचता येतील अशी वाढीची वार्षिक कडी उमटत नाहीत, म्हणून खोड बघून सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात यामाकी कुटुंबाचा पाइन आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर, अंगणाच्या भिंतीआड होता आणि वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट दिला गेला. त्याची ही कहाणी संग्रहालयाला कळली २००१ मध्ये, यामाकींचे नातू भेटीला आले तेव्हा. त्याच्याबद्दल सांगताना संग्रहालय १६२५ हे साल देतं आणि म्हणतं, तेव्हापासून घडवला जातोय. त्याआधी तो डोंगरात किती वर्षं होता, याचा दावा करत नाही. ही मोजणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. माणसाच्या हाताखाली किती वर्षं, एवढंच आपल्याला खात्रीनं माहीत असतं.

गुटीवाले यावर चिडतात. ते श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचं उदाहरण देतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या पिंपळाची फांदी घेऊन गेली आणि ती तिथे लावली. मग त्या झाडाचं वय फांदीपासून की मूळ पिंपळापासून? पण तिथेही मोजतात ते लावल्या दिवसापासूनच, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलंय. पहिल्या वर्षाला 'एक' म्हणायचं की 'शून्य', हा उपवाद तूर्त बाजूला ठेवूया. आपल्याकडेही 'पाचवं लागलं' आणि 'पाचवं सरलं' दोन्ही चालतं, आणि जन्मतःच एक वर्ष धरण्याची पद्धत दक्षिण कोरियानं सरकारी कामकाजातून काढली ती आत्ता २०२३ मध्ये.

माझी सूचना अशी. येत्या रविवारी सगळ्यांनी एक साधी वही सुरू करावी. प्रत्येक झाडासाठी चार रकाने: कुंडीत कधी आलं, कोणत्या नक्षत्रात काम केलं, किती दिवसांनी नवा कोंब दिसला, बाल्कनीचं तोंड कुठल्या दिशेला. खारघरच्या मंडळींनीही हेच ठेवावं, कारण डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्याकडे पावसाचा रंग वेगळा असतो. दोन-तीन पावसाळ्यांत आपल्या हवेचं स्वतःचं वेळापत्रक हातात येईल आणि ते नव्या सभासदाला देता येईल. ताईंच्या वडाची नोंद मी स्वतः करणार, त्यांनी मृगात कुंडी बदलली तरी आणि २९ जूननंतर बदलली तरी. आणि हो, रोपांसाठी येऊरच्या जंगलात कुणी जाऊ नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलं रोप उपटणं गुन्हा आहे. वड-पिंपळ हवेच असतील तर आपल्याच इमारतींच्या पाइपांवर आणि गच्चीच्या भिंतींत भरपूर उगवलेत, सोसायटी ते काढून टाकायलाच बसलीय. मृग लागायच्या आत सेक्रेटरींना विचारून ठेवा.